आईंच्या वाटणीची ऊब

माझ्या सासूबाई, हेमलता गावंडे, अकोल्याहून आमच्याकडे आल्या त्या एक अट घालूनच. "एक हिवाळा राहून बघते. मार्चमध्ये मी ठरवीन, इथं राहायचं की परत जायचं. तोवर माझ्या फ्लॅटचं नाव काढायचं नाही." हर्षल, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा आणि माझा नवरा, "हो गं आई" म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी अकोल्यातल्या एका दलालाला त्याने त्या फ्लॅटचे फोटो पाठवले. हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. या गोष्टीत मी बऱ्याचदा काही बोलणार नाहीये, तेव्हा सवय करून घ्या.

आम्ही नॉर्वेच्या पार उत्तरेला, समुद्रकाठच्या एका गावात राहतो. हर्षल मासे गोठवायच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मी घरी बसून यंत्रांनी केलेल्या भाषांतरातल्या चुका काढते. अकरा घरांची आमची रांग जुनी, सगळी विजेवर तापणारी. प्रत्येक खोलीत खिडकीखाली पत्र्याचा लांबट हीटर. एक युनिट वीज घाला, एक युनिट उष्णता घ्या, हिशेब संपला. हर्षलला हे बघवायचं नाही. "हा शुद्ध गाढवपणा आहे," तो पाहुण्यांनाही ऐकवायचा. त्या वर्षी सोसायटीने ठराव करून सगळे हीटर काढायचे ठरवले, तेव्हा टाळ्या वाजवणारा तो एकटाच होता.

नवी यंत्रणा बसवायला आली ती टूरिड नावाची तंत्रज्ञ. पन्नाशीची, कमी बोलणारी, बूट दारात काढून आत येणारी बाई. तिने सासूबाईंना जेवणाच्या टेबलापाशी बसवून सगळं समजावलं, कारण घरात तेवढंच कोणी मन लावून ऐकत होतं. मी मध्ये बसून मराठीत सांगत होते.

पहिला भाग उष्णता-पंपाचा. तो उष्णता तयार करत नाही, नुसती वाहून आणतो. फ्रिज जसा आतली उष्णता उपसून पाठीमागे टाकतो, तसा हा जमिनीखालची उष्णता उपसून घरात टाकतो. दीडशे मीटर खाली बर्फाळ हिवाळ्यातही जमीन सहा अंशांवर असते. एक युनिट विजेत तिथली तीन युनिटं वर येतात, म्हणजे घराला चार मिळाली. "म्हणजे चोरी केल्यासारखंच झालं," आई म्हणाल्या. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई, तिला एकाचे चार झालेले पटेनात.

पण खरी नवलाई दुसऱ्या भागात होती. तो भाग घर गरम करायचाच नाही, माणूस गरम करायचा. छताला पातळ फरशांसारखे फलक लावले. प्रत्येक फलक न दिसणारे उष्ण किरण हव्या त्या दिशेला, हव्या तेवढ्याच जागेत सोडू शकत होता. माणूस उठून चालू लागला की किरण त्याच्यामागे जायचे. मधली हवा तेरा अंशांवर राहिली तरी चालेल.

"हिवाळ्यात गच्चीवर कोवळ्या उन्हात बसतो नं आपण," आईंनीच मला उलट समजावलं, "हवा गारच असते. ऊन अंगावर असतं म्हणून बरं वाटतं. एक पाऊल सावलीत टाकलं की कुडकुडलो. तसंच हे. प्रत्येकाला आपापलं ऊन."

टूरिडला मी हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

कोणाला किती ऊन हवं, हे छत कसं ठरवणार? बोलून आणि शिकून. पहिले काही आठवडे ते प्रत्येकाला त्याच्या भाषेत विचारतं, उत्तरं लक्षात ठेवतं, मग हळूहळू विचारणं कमी करतं. कोणाला सारखं सारखं विचारून भंडावायचं नाही, असा त्याचा शिष्टाचार. आवाज घरातल्याच कोणाचा देता येतो. हर्षलने हौसेने स्वतःचा दिला. "आईला परकं वाटायला नको."

पहिल्याच संध्याकाळी छतातून हर्षलचा आवाज आला, "आई, थोडं गरम करू का?"

आईंनी वर बघितलं. समोर हर्षल मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. त्यांनी छतालाच उत्तर दिलं, "नको रे बाळा. राहू दे. मी बरी आहे."

इथे मला सासूबाईंविषयी एक सांगायला हवं. या बाईने पहिल्या खेपेला कशालाही हो म्हटल्याचं मी पाहिलेलं नाही. चहा घेता का? नको. अर्धा कप? नको बाप्पा, आत्ताच तर झाला. अहो, ठेवलाय मी. बरं, दे मग घोटभर. आणि मग पूर्ण कप चवीने प्यायच्या. भाजीला, पोळीला, नव्या साडीला, सगळ्याला हेच. पहिल्यांदा विचारतात ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा विचारतात ते मन बघायला आणि तिसऱ्यांदा विचारतात ते द्यायला, असं त्यांच्याकडे धरून चालतात. आमच्याकडे डोंबिवलीला नको म्हटलं की झाकण लावून मोकळे. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी त्यांना नकळत उपाशी ठेवलं होतं, असं हर्षलची मावशी अजून सांगते.

म्हणून खरं सांगायचं तर छत आल्यावर मला हायसं वाटलं. विचारायचं काम माझ्याकडून गेलं. हर्षलकडे तर ते कधी नव्हतंच.

नोव्हेंबर उजाडेपर्यंत छतातून "आई, गरम करू का?" ऐकू यायचं. मग कमी झालं. मग थांबलं. मला वाटलं, यंत्राने शिकून घेतलं सगळं, चला.

डिसेंबरात आई बदलल्या.

आधी त्या मंदावल्या. उठायला वेळ, बोलायला वेळ. रोज सकाळी वहीत मोठमोठे गुणाकार करायची त्यांची सवय होती. डोकं घासून ठेवते, म्हणायच्या. ती वही तशीच पडून राहू लागली. मग शब्द अडखळायला लागले, जीभ जड झाल्यासारखे. एकदा मला "सरिता" म्हणाल्या. सरिता त्यांची वारलेली बहीण. दिवसभर त्या खुर्चीत शाल, स्वेटर, दोन-दोन मोजे घालून गप्प बसायच्या. मी शेजारच्या खुर्चीत कामाला बसायचे, अर्ध्या बाह्यांच्या कुर्त्यात. माझ्या खांद्यावर माझं ऊन असायचं. त्या माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर होत्या आणि त्यांचा हात एकदा औषध देताना माझ्या हाताला लागला, तर गार होता. म्हातारपणी हात गारच असतात, असं मी मनाशी म्हटलं. शालीचंही मला काही वाटलं नाही. आपल्याकडची म्हातारी माणसं मे महिन्यातही शाल सोडत नाहीत.

"डिमेन्शिया आहे," हर्षल म्हणाला. त्याचा चेहरा काळजीचा होता, पण त्यात कुठेतरी सुटकाही होती. बारा वर्षांच्या संसारात एवढं ओळखता येतं.

आमच्या भागात स्मरणशक्तीची तपासणी आता पडद्यावरून होते आणि माणसाच्या राहत्या खोलीतच होते. ओळखीच्या जागी माणूस घाबरत नाही, निकाल जास्त खरा येतो, असं त्यामागचं तर्कशास्त्र. डॉक्टर नॉर्वेजियनमध्ये विचारतो, यंत्र मराठीत सांगतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आईंची तपासणी त्यांच्याच खोलीत झाली.

"शंभरातून सात वजा करा. आलेल्या उत्तरातून पुन्हा सात. असं करत जा."

"त्र्याण्णव," आई म्हणाल्या. मग बराच वेळ गेला. ओठ हलत होते. "त्र्याण्णव," त्या पुन्हा म्हणाल्या. मग हातांकडे बघत बसल्या आणि रडायला लागल्या. तीस वर्षं मुलांच्या वह्यांवर लाल शाईने शेरे मारलेली बाई वजाबाकीवर रडत होती. मला खूप वाईट वाटलं. खोटं नाही सांगत, वाटलंच.

पंधरा दिवसांत हर्षल कायद्याने त्यांचा पालक झाला. त्यांच्या वतीने सही करायचा हक्क आता त्याचा; घराच्या यंत्रणेतही आईंच्या नावापुढे पालक म्हणून त्याचं नाव चढलं. दलाल तयारच होता. हर्षलने व्हिडिओवर फ्लॅटच्या विक्रीची कागदपत्रं केली तेव्हा आई तिथेच, त्याच टेबलापाशी बसलेल्या होत्या.

"कोणाचा फ्लॅट रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"एका बाईंचा," हर्षल म्हणाला. "तू चहा पी."

फेब्रुवारीत आम्ही त्यांना गावातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. जुनी इमारत, अजून नवी यंत्रणा न आलेली. प्रत्येक खोलीत तोच तो पत्र्याचा हीटर, कोणी विचारो न विचारो, दिवसभर तापणारा. हर्षल तिथल्या उधळपट्टीवर परतीच्या वाटेत बरंच बोलला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात टूरिड यंत्रणेच्या देखभालीला आली. आमचं घर अकराही घरांत सगळ्यात कमी वीज खाणारं ठरलं होतं, म्हणून तिला उत्सुकता होती. तिने नोंदी उघडल्या आणि तिथेच थबकली.

"या बाई राहत होत्या त्या खोलीत माणूस होतं ना?"

"म्हणजे काय? सासूबाई होत्या माझ्या."

"एकोणीस नोव्हेंबरपासून त्यांना काहीच मिळालेलं नाही. शून्य." तिने पडदा माझ्याकडे वळवला. "यंत्राने एक्केचाळीस वेळा विचारलंय. एक्केचाळीस वेळा त्या नको म्हणाल्या. मग त्याने गृहीत धरलं, की यांना गारवाच आवडतो."

मी त्या रकान्याकडे बघत राहिले. नको. नको रे. राहू दे. नको बाप्पा. प्रत्येक उत्तर यंत्राने नीट उतरवून घेतलं होतं आणि शेजारी नॉर्वेजियनमध्ये त्याचा अर्थ लिहिला होता: नाही. मी भाषांतरं तपासणारी बाई. एकाही ठिकाणी चूक काढता येईना.

"पण तेरा अंशांत..." टूरिड पुटपुटली. "त्या वयात शरीर आतून गार पडत जातं. बोलणं जड होतं, गोंधळायला होतं. माझ्या आजीचं झालं होतं असं, नावेत." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "पण मग त्या नको का म्हणाल्या?"

मी म्हटलं, "त्यांची तशी पद्धत आहे." तिने मान डोलावली. तिला काही कळलं नव्हतं.

दुपारीच मी वृद्धाश्रमात गेले. आई खिडकीशी बसून तिथल्या परिचारिकेला बोटांवर नऊचा पाढा शिकवत होत्या. शाल खुर्चीच्या पाठीवर टाकलेली. मला बघून म्हणाल्या, "ये गं केतकी. मार्च लागला नं? मला माझं सांगायचं आहे. मी ठरवलं, परत जाते. तिकडे ऊन तरी आहे."

मी बसले.

"तुमच्याकडे मला फार थंडी वाजायची गं."

"सांगितलं का नाही आई?"

"सांगायचं कशाला? लेकाच्या घरी माणूस मागतं का?" त्यांनी खुर्चीवरच्या शालीची घडी घातली. "आधी त्याच्या आवाजात ते विचारायचं तरी. मग तेही बंद झालं. मला वाटलं, त्यानंच सांगून बंद केलं. कंटाळला असेल बिचारा."

परिचारिका मला बाहेर घेऊन गेली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. महिनाभरात एवढा फरक तिने कधी पाहिला नव्हता. तिने स्वतःहून फेरतपासणीचा अर्ज केला होता. आई पास झाल्या, की पालकत्व रद्द. नियम असा: फेरतपासणी पहिली झाली त्याच खोलीत, म्हणजे आमच्या घरी, आधी दोन रात्री तिथे राहिल्यावर.

घरी आल्यावर मी हर्षलला सगळं सांगितलं. एक्केचाळीस नकार, शून्य ऊब, सगळं. तो ओट्याला टेकून ऐकत होता. मला वाटलं, आता हा रडेल. मी त्याला जवळही घेतलं असतं.

"फ्लॅट गेला, केतकी," तो म्हणाला. "ती शहाणी ठरली तर मी काय ठरतो? शहाण्या बाईचं घर तिच्या डोळ्यांदेखत विकलेला मुलगा. आणि तू? तू शेजारच्या खुर्चीत बसायचीस."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तपासणी होऊ दे. आपण काही करायचं नाही."

आपण काही करायचं नाही. किती साधं वाक्य. मला राग यायला हवा होता. पण मला आधी आठवलं ते त्यांचं, "मार्च लागला नं?" उद्या त्या फ्लॅटचं विचारणार, मग कळणार, आणि मग जन्मभर त्या माझ्या घरात, माझ्यासमोर बसणार, डोकं लख्ख जागेवर असलेल्या. ते डोळे मला नको होते. हे मी आता सांगते आहे. तेव्हा मी नुसती गप्प बसले.

आईंना आणलं. त्यांची खोली तशीच होती आणि छतही तसंच. पण आई तशा राहिल्या नव्हत्या. पहिल्याच संध्याकाळी त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, वर बघितलं आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मला थंडी वाजते आहे. गरम कर."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी सरळ मागितलं होतं.

"आई," छत हर्षलच्या आवाजात म्हणालं, "तुझ्या पालकाला विचारून सांगतो."

आम्ही स्वयंपाकघरात जेवत होतो. हर्षलचा मोबाइल टेबलावर थरथरला. पडद्यावर दोनच चौकोन होते, हो आणि नाही. आम्ही दोघांनीही वाचलं. त्याने कुठलाच दाबला नाही. मोबाइल पालथा घालून भात कालवायला लागला. माझा हात त्या मोबाइलपासून वीतभर होता. छताने परत विचारलं, परत मोबाइल थरथरला. मग आतून आईंची हाक आली, "केतकी, अगं, हे ऐकत नाही माझं." मी त्यांना गोधडी नेऊन दिली, चहा करून दिला. "सकाळी बघू हं आई, बिघाड दिसतोय," असं म्हणून दार लावून घेतलं.

दुसरा दिवसही तसाच गेला. त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या, कुडकुडत होत्या. हर्षल कामावर लवकर गेला आणि उशिरा आला. मी तीनदा चहा दिला. तीनही वेळा त्यांनी पहिल्या शब्दाला घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला पडद्यावर डॉक्टर आला. तरुण, चांगल्या मनाचा दिसत होता. नातलगाने हजर राहायचं असतं म्हणून मी त्यांच्या शेजारी, कॅमेऱ्यासमोर बसले. वार, महिना, गाव, सगळं आईंनी सांगितलं, पण दात वाजत असल्यामुळे तुटक तुटक. मग शंभरातून सात.

"त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोण... एकोण..." त्या थांबल्या. डोळे मिटले. मग त्यांनी हिशेब सोडून दिला आणि सरळ डॉक्टरला म्हणाल्या, "मला येतं हे. मी शिकवलेलं आहे. पण इथं थंडी आहे. फार थंडी आहे. हे लोक मला गरम करू देत नाहीत."

यंत्राने भाषांतर केलं. अचूक केलं.

डॉक्टरच्या भुवया वर गेल्या. त्याने घराच्या यंत्रणेची नोंद मागवून बघितली. पडद्याच्या कोपऱ्यात ती मलाही दिसत होती: खोलीतील व्यक्ती दोन, दोघींचंही समाधान शंभर टक्के. हर्षलने उत्तरच दिलं नव्हतं, म्हणून यंत्र आईंची जुनीच आवड धरून चाललं होतं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. पातळ सुती कुर्ता, उघडे दंड, कपाळावर किंचित घाम.

"तुम्हाला या खोलीत थंडी वाजते आहे का?" त्याने विचारलं.

आई माझ्याकडे वळल्या. गोधडीतून हात काढून त्यांनी माझं मनगट धरलं. "केतकी, सांग त्याला," त्या म्हणाल्या. "तू तरी सांग."

"नाही," मी म्हटलं. "मला तर नाही वाजत."

आणि ते खरं होतं. डॉक्टरने मान हलवली, काहीतरी टिपून घेतलं आणि अगदी हळुवार आवाजात आईंना म्हणाला, की आज एवढं पुरे.